असमान शिखरे: एकमेकांना चिकटलेल्या ताऱ्यांवरचे डाग

सप्तर्षींच्या चौकोनाच्या पश्चिमेला डब्ल्यू अर्सा मेजॉरिस नावाचा एक तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण द्विनेत्रीतून सापडतो. त्याची प्रत ७.७५ पासून ८.४८ पर्यंत बदलते. म्हणजे सर्वांत मंद असताना त्याचा प्रकाश कमाल प्रकाशाच्या जेमतेम निम्मा उरतो. पॉट्सडॅम वेधशाळेतील गुस्टाव्ह म्यूलर आणि पाउल केम्फ यांनी १९०३ साली हा बदल जाहीर केला, तेव्हा त्यांनी आवर्तनकाल चार तासांचा धरला होता. खरा काळ दुप्पट आहे, आठ तास आणि सुमारे अर्धा मिनिट. इथे दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, एका फेरीत दोनदा एकमेकांना झाकतात आणि दोन्ही ग्रहणांची खोली जवळजवळ सारखी असते. त्यामुळे एका ग्रहणापासून पुढच्या ग्रहणापर्यंतचा अवधी हेच पूर्ण आवर्तन वाटणे साहजिक होते.

आज या प्रकारच्या सगळ्याच जोडताऱ्यांना डब्ल्यू अर्सा मेजॉरिस गट म्हणतात आणि त्यांच्या रचनेला संस्पर्शी जोडतारे हे नाव आहे. भूतप तारकासमूहातील ४४ बूटिस या त्रिकुटातली जोडी आपल्यापासून सुमारे ४२ प्रकाशवर्षांवर असून तिची फेरी साधारण साडेसहा तासांत पुरी होते. वृषपर्वा समूहातील व्हीडब्ल्यू सेफी आणखी एक. त्याला पावणेसात तासांच्या आसपास वेळ लागतो. फेरीचा काळ सुमारे ०.२२ दिवसांच्या खाली गेलेल्या जोड्या फारच थोड्या सापडतात.

एरवी ग्रहण लावणाऱ्या जोडताऱ्यांचा प्रकाशवक्र ओळखायला सोपा असतो. बराच वेळ सपाट रेघ, मग एक खड्डा, पुन्हा सपाट रेघ आणि दुसरा खड्डा. संस्पर्शी जोडताऱ्यांच्या वक्रात सपाट भागच नसतो. प्रकाश सतत चढतो नाही तर उतरतो. कारण दोन्ही तारे गोल राहिलेले नाहीत. परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने आणि फिरण्याच्या वेगाने ते ताणले गेले आहेत. प्रत्येक ताऱ्याभोवतीच्या ज्या सीमेपर्यंत त्याचे द्रव्य त्याचे स्वतःचे राहते तिला रोश पाळी म्हणतात. इथे दोघांनीही आपापली पाळी भरून टाकली आहे आणि वर उरलेला वायू दोघांभोवती एकच आवरण करून बसला आहे. आकार दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखा, त्यातही एक दाणा मोठा. ही शेंग आडवी दिसते तेव्हा आपल्या बाजूचे क्षेत्रफळ सर्वाधिक असते आणि प्रकाशही. टोकाकडून दिसते तेव्हा दोन्ही कमी होतात. म्हणून एका फेरीत दोन शिखरे आणि दोन दऱ्या.

या आवरणाचे महत्त्व पटायला बरीच वर्षे लागली. जेरार्ड कायपर यांनी १९४१ साली दाखवून दिले की वेगवेगळ्या वस्तुमानाचे दोन सामान्य तारे अशा स्पर्शात टिकूच नयेत. वस्तुमान वाढते तशी ताऱ्याची त्रिज्या ज्या प्रमाणात वाढते, ते प्रमाण रोश पाळ्यांच्या प्रमाणाशी जुळत नाही. तरीही आकाशात अशा जोड्या भरपूर आहेत. डब्ल्यू अर्सा मेजॉरिसमध्ये एका ताऱ्याचे वस्तुमान दुसऱ्याच्या निम्म्याहून थोडे कमी आहे. एकट्या ताऱ्याचे तेज वस्तुमानाच्या साधारण चौथ्या घाताने बदलते, त्या हिशेबाने धाकट्याचे तेज थोरल्याच्या पाच-सहा टक्केच असायला हवे होते आणि तो बराच थंडही. प्रत्यक्षात दोघांच्या पृष्ठभागाचे तापमान जवळजवळ सारखे, ६,००० केल्विनच्या आसपास आहे. लिऑन लूसी यांनी १९६८ मध्ये यावर तोडगा काढला. दोघांचे वरचे थर अभिसरणाने खळबळणारे आहेत आणि ते एकमेकांत मिसळलेले आहेत. थोरल्याच्या गाभ्यातून येणारी ऊर्जा या सामाईक आवरणातून धाकट्याकडे जाते आणि त्याच्या पृष्ठभागातून बाहेर पडते. लूसींच्या प्रतिकृतीत पुढे दोष निघाले, पण सामाईक अभिसरणी आवरणाची मूळ कल्पना टिकली.

डागांचा प्रश्न इथूनच सुरू होतो. आवरण सामाईक आहे, तापमान सारखे आहे, आकार सममित आहे, तर मग वक्राची दोन्ही शिखरे तंतोतंत सारखी यायला हवीत. पहिल्या शिखराच्या वेळी शेंगेची एक बाजू आपल्याकडे असते, दुसऱ्या वेळी दुसरी. भूमितीच्या दृष्टीने दोन्हींत फरक नाही. पण असंख्य जोड्यांमध्ये एक शिखर दुसऱ्यापेक्षा शतांश-दोन शतांश प्रतीने, कधी दशांश प्रतीपर्यंतही, उंच असते.

ओकॉनेल परिणाम

शिखरांतला हा फरक विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लक्षात आला होता. त्या वेळचे स्पष्टीकरण असे की कक्षा लंबवर्तुळाकार असावी आणि दोन तारे एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात तेव्हा भरती आणि परस्परांच्या उष्णतेमुळे प्रकाश वाढत असावा. सिडनीजवळच्या रिव्हरव्ह्यू वेधशाळेतील जेझुइट खगोलशास्त्रज्ञ डॅनियल ओकॉनेल यांनी १९५१ साली अनेक जोड्यांची आकडेवारी एकत्र मांडली. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच या जुन्या परिणामाच्या नावामागे ‘तथाकथित’ हे विशेषण होते, यावरून त्यांचा कल कळतो. इतक्या जवळच्या जोड्यांच्या कक्षा भरती-घर्षणाने केव्हाच वर्तुळाकार झालेल्या असतात, त्यामुळे जवळ येण्याचा आणि दूर जाण्याचा प्रश्नच उरत नाही. पुढच्याच वर्षी ओकॉनेल व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक झाले. शिखरांतल्या फरकाला त्यांचे नाव १९६८ मध्ये युजीन मिलोन यांनी दिले.

फरक मोजताना एक सावधगिरी लागते. डब्ल्यू अर्सा मेजॉरिसच्या तीन फेऱ्या २४ तास आणि साधारण सव्वा मिनिटात पुऱ्या होतात. म्हणजे एकाच गावातून रोज निरीक्षण केले तर तेच ग्रहण रोज घड्याळात जवळजवळ त्याच वेळी दिसते. महाराष्ट्रातून हा तारा सर्वांत उंच येतो तेव्हाही क्षितिजापासून ५०-५६ अंशांपेक्षा वर चढत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या रात्री एक शिखर तो उंच असताना आणि दुसरे तो उत्तर-पश्चिमेला कलल्यावर येत असेल, तर काही आठवडे दुसऱ्या शिखराचा प्रकाश नेहमी जाड हवेच्या थरातूनच मोजला जाईल. तुलनेसाठी घेतलेल्या ताऱ्याचा रंग वेगळा असला तर हवेने केलेली ही छाटणी दोघांवर सारखी होत नाही आणि शिखरांत खोटा फरक दिसू लागतो. वेगवेगळ्या रेखांशांवरची निरीक्षणे जोडणे किंवा थेट अवकाशातून मोजणे हाच त्यावर उपाय. ही काळजी घेऊनही फरक उरतोच, हे आता नि:संशय आहे.

डाग हेच उत्तर का सुचले

सूर्याची एक प्रदक्षिणा स्वतःभोवती विषुववृत्तावर साधारण २५ दिवसांत होते आणि तिथला पृष्ठभाग सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने सरकतो. डब्ल्यू अर्सा मेजॉरिसचा थोरला तारा आकाराने सूर्यापेक्षा थोडाच मोठा, पण भरतीने जखडला गेल्यामुळे आठ तासांत स्वतःभोवती फिरतो. वेग निघतो सेकंदाला दीडशे किलोमीटरच्या पुढे. अभिसरणाचा थर आणि वेगाने फिरणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की ताऱ्यात विद्युतवाही वायूचा डायनामो जोरात चालतो आणि चुंबकीय क्षेत्र वाढते. हे क्षेत्र जिथे पृष्ठभाग भेदून बाहेर येते तिथे खालून येणारे अभिसरण दबते, ऊर्जा कमी पोचते आणि तो भाग भोवतालापेक्षा थंड व काळा दिसतो. सौर डागांची यंत्रणा हीच आहे.

प्रमाण मात्र फार वेगळे आहे. सोपा हिशेब करून पाहू. शिखरांत ०.०५ प्रतीचा फरक म्हणजे प्रकाशात साधारण साडेचार टक्क्यांची घट. डागाचे तापमान भोवतालच्या ८० टक्के धरले, तर तापमानाच्या चौथ्या घाताने डाग ४१ टक्केच ऊर्जा देईल आणि ५९ टक्के अडवेल. साडेचार टक्के घट व्हायला दिसणाऱ्या बिंबाचा साडेसात टक्के भाग डागाने व्यापावा लागेल. सूर्यावर आजवर मोजलेला सर्वांत मोठा डागसमूह एप्रिल १९४७ मधला, आणि त्याने सूर्याच्या दिसणाऱ्या गोलार्धाचा जेमतेम ०.६ टक्के भाग व्यापला होता. म्हणजे कितीतरी पट मोठा डाग हवा, तोही एका फारशा न गाजलेल्या, मध्यम फरकासाठी.

डागांनी आणखी एक जुने कोडेही सुटेल असे वाटले. लिओ बिनेन्डाइक यांनी १९७० च्या सुमारास या जोड्यांचे ‘ए’ आणि ‘डब्ल्यू’ असे दोन प्रकार पाडले. दुसऱ्या प्रकारात खोल ग्रहण तेव्हा लागते, जेव्हा धाकटा तारा झाकला जातो. म्हणजे कमी वस्तुमानाचा ताराच थोडा अधिक तप्त दिसतो! ऊर्जा उसनी घेणारा उसनी देणाऱ्यापेक्षा गरम कसा? डर्मॉट मलन यांनी १९७५ मध्ये सुचवले की थोरल्यावर डाग भरपूर असतील तर त्याचे सरासरी तापमान खाली येईल आणि धाकटा तुलनेने उजळ वाटेल. कल्पना सुंदर आहे. तिच्यासाठी लागणारा डागांचा साठा मात्र एका बाजूला असून भागत नाही, तो ताऱ्याभर पसरलेला हवा. आणि ताऱ्याभर पसरलेले डाग शिखरांत फरक पाडत नाहीत.

वक्र जुळला म्हणजे डाग सापडला का

रॉबर्ट विल्सन आणि एडवर्ड डेव्हिनी यांनी १९७१ साली एक संगणकीय पद्धत दिली. तिच्यात ताऱ्यांचे वस्तुमानाचे गुणोत्तर, तापमाने, कक्षेचा कल, आवरण किती भरले आहे हे सगळे घालून वक्र काढता येतो. पुढे तिच्यात डागांचीही सोय झाली. प्रत्येक डागाला चार आकडे: अक्षांश, रेखांश, त्रिज्या आणि भोवतालच्या तुलनेत तापमान. तेव्हापासून एक ठरावीक क्रम पडून गेला आहे. दोन-चार रात्रींची निरीक्षणे घ्यायची, सममित प्रतिकृती बसवायची, एका शिखरापाशी ती कमी पडली की तिथे एक डाग ठेवायचा आणि वक्र जुळला की चारही आकडे दशांशासकट छापायचे. माझ्या मते या चारपैकी एकच आकडा बऱ्यापैकी विश्वासाचा असतो, रेखांशाचा. कारण प्रकाश कुठल्या क्षणी कमी झाला यावरून डाग केव्हा आपल्याकडे तोंड करून होता ते थेट कळते.

बाकीच्यांचे पाहा. वरच्या हिशेबात डागाचे तापमान ८० ऐवजी ९० टक्के धरले तर तो ३४ टक्केच ऊर्जा अडवेल, आणि तीच घट घडवायला १३ टक्के बिंब लागेल. मोठा पण फिका डाग किंवा छोटा पण गडद डाग, एका रंगातल्या वक्राला दोन्ही सारखेच. निळ्या आणि लाल गाळण्यांतून एकाच वेळी मोजले तर थोडी मदत होते, कारण थंड डाग निळ्यात अधिक काळा दिसतो, पण फरक इतका बारीक असतो की निरीक्षणाच्या त्रुटीत तो बऱ्याचदा बुडून जातो. अक्षांशाचे तर विचारूच नका. जोडी जवळजवळ कडेवरून दिसत असेल तर विषुववृत्ताच्या उत्तरेला २० अंशांवरचा डाग आणि दक्षिणेला २० अंशांवरचा डाग यांचे वक्र सारखेच येतात.

शिवाय डाग काळाच असावा अशी सक्ती वक्राकडून मुळीच होत नाही. पहिल्या बाजूला काळा डाग ठेवला काय आणि दुसऱ्या बाजूला तेजस्वी, तप्त पट्टा ठेवला काय, पहिले शिखर दुसऱ्यापेक्षा ठेंगणेच येणार. तप्त पट्ट्यालाही भौतिक कारण आहे. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे वायूचा प्रवाह जात असेल, तर तो आदळतो तिथे किंवा कक्षेच्या गतीने बाजूला वळून पृष्ठभागाला घासतो तिथे तापमान वाढते.

सर्वांत त्रासदायक प्रश्न ध्रुवावरच्या डागांचा. ध्रुवाभोवती गोल पसरलेला डाग फेरीच्या कुठल्याही क्षणी सारखाच दिसतो. तो शिखरांत फरक पाडत नाही, फक्त सगळा वक्र थोडा खाली उतरवतो आणि ग्रहणांची खोली बदलतो. प्रतिकृती मग त्याची भरपाई कक्षेच्या कलात किंवा तापमानात करते. डाग लपतो आणि त्याची चूक दुसऱ्याच आकड्यात जाऊन बसते.

ध्रुवावर असे डाग खरोखर असतात. ते शोधायला प्रकाश मोजून भागत नाही, वर्णपट लागतो. वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याची शोषणरेषा रुंद होते, कारण एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते. पृष्ठभागावरचा काळा डाग या रुंद रेषेत एक उंचवटा उठवतो आणि तारा फिरतो तसा तो उंचवटा रेषेच्या एका कडेकडून दुसरीकडे सरकतो. ध्रुवाजवळचा डाग रेषेच्या मध्याच्या आसपासच राहतो, विषुववृत्तावरचा थेट कडेपर्यंत जातो. म्हणून इथे अक्षांशही कळतो. पॉल हेन्ड्री आणि स्टीफन मोखनाकी यांनी २००० साली व्हीडब्ल्यू सेफीचे असे नकाशे काढले, तेव्हा दोन्ही ताऱ्यांवर ध्रुवांजवळ मोठे डाग दिसले. चंद्रा उपग्रहाने ४४ बूटिसच्या क्ष-किरण रेषांचे विचलन मोजले, तेव्हा त्या किरणांचा मोठा वाटा थोरल्या ताऱ्याच्या ध्रुवाकडच्या भागातून येत असल्याचे कळले. म्हणजे जे डाग प्रकाशवक्राला सर्वांत कमी दिसतात, तेच या ताऱ्यांवर ठळक आहेत.

हलणारा डाग

मग प्रकाशवक्रातून डागाचा पुरावा मिळतच नाही का? मिळतो, पण एका वक्रातून नाही. चुंबकीय डाग उगवतात, सरकतात, विरतात. प्रवाहाच्या आघाताने तापलेला पट्टा मात्र त्याच रेखांशावर राहायला हवा, कारण प्रवाहाचा मार्ग कक्षेच्या भूमितीने ठरतो. एखाद्या जोडीत यंदा पहिले शिखर उंच आणि दोन वर्षांनी दुसरे उंच झाले, तर डागाची बाजू बळकट होते. व्हीडब्ल्यू सेफीत हे वारंवार घडलेले आहे.

केप्लर दुर्बिणीने २००९ पासून चार वर्षे आकाशाच्या एकाच तुकड्याकडे पाहत राहिल्यावर या पुराव्याला धार आली. त्यातून ग्रहणांच्या वेळांबद्दल एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. दरीच्या एका उतारावर डागामुळे प्रकाश थोडा कमी असेल, तर दरीचा तळ त्या बाजूला सरकतो आणि ग्रहणाची मोजलेली वेळ काही सेकंदांनी बदलते. डागामुळे येणारा चढउतार फेरीत एकदाच होतो, आकारामुळे येणारा दोनदा. त्यामुळे पहिले ग्रहण डागामुळे लवकर लागल्यासारखे दिसत असेल तर दुसरे नेमके तितकेच उशिरा लागल्यासारखे दिसते. डाग सरकत गेला की दोन्ही आकडे एकमेकांविरुद्ध हेलकावतात. ट्रॅन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये केप्लरच्या ३२ संस्पर्शी जोड्यांत हा उलटसुलट हेलकावा दाखवून दिला. तो दोनशे-तीनशे सेकंदांपर्यंत जातो आणि साधारण ५० ते २०० दिवसांत पुन्हा पुन्हा येतो. दऱ्या उथळ असतील तर हेलकावा मोठा, हेही गणिताशी जुळते.

या एका निरीक्षणाला मी शिखरांच्या उंचीवर बसवलेल्या शेकडो प्रतिकृतींपेक्षा जास्त वजन देईन. जोडीभोवती तिसरा तारा फिरत असेल तर जोडी कधी आपल्या जवळ येते, कधी दूर जाते. त्यामुळे दोन्ही ग्रहणे एकाच दिशेने सरकतात. वस्तुमान एकाकडून दुसऱ्याकडे वाहत असेल आणि फेरीचा काळच बदलत असेल, तरीही दोन्ही बरोबरच सरकतात. विरुद्ध दिशांना सरकणे डागालाच जमते. त्यातून एक व्यवहारी सूत्रही मिळते: दोन्ही ग्रहणांच्या वेळांची सरासरी घेतली की डागाचा हिस्सा बराचसा गळून जातो आणि कक्षेचा खरा बदल उरतो. ज्यांच्याकडे जुन्या नोंदींत फक्त खोल ग्रहणाच्या वेळा आहेत, त्यांना ही सोय नाही, आणि अशा नोंदींवरून फेरीचा काळ बदलत असल्याचे जाहीर करताना हात आखडता घेतलेला बरा.

फेरीच्या काळावर भाकिते उभी राहतात म्हणून हे महत्त्वाचे. लॅरी मोल्नार यांच्या गटाने २०१७ मध्ये जाहीर केले की केआयसी ९८३२२२७ ही अकरा तासांची संस्पर्शी जोडी २०२२ च्या सुमारास एकमेकांत विलीन होऊन आकाशात लाल नवतारा उजळेल. जगभर बातम्या झाल्या. पुढच्याच वर्षी सोशिया आणि सहकाऱ्यांनी २००३ सालच्या व्हल्कन प्रकल्पाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जुन्या प्रसिद्ध नोंदीत ग्रहणाची वेळ बरोबर १२ तासांनी चुकीची छापली गेल्याचे उघड झाले. ती दुरुस्त करताच भाकिताचा पाया गेला. इथे दोष डागाचा नव्हता, पण आवर्तनकाळाचा युक्तिवाद किती बारीक धाग्यावर लटकतो ते दिसले.

खरे विलीनीकरण मात्र एकदा पाहायला मिळाले आहे. वृश्चिक राशीतला व्ही १३०९ स्कॉर्पिआय सप्टेंबर २००८ मध्ये एकाएकी उजळला. पोलंडच्या ओग्ले प्रकल्पाने त्या भागाचे आधीची अनेक वर्षे फोटो घेतले होते. रोमुआल्ड टिलेन्डा आणि सहकाऱ्यांनी ते २०११ मध्ये तपासले, तेव्हा १.४ दिवसांची एक संस्पर्शी जोडी दिसली. तिचा काळ घटत होता आणि घटण्याचा वेगही वाढत होता. त्याबरोबर वक्राची दोन शिखरे असमान होत गेली. एक ठेंगणे होत होत नाहीसे झाले आणि उद्रेकाच्या आदल्या वर्षापर्यंत एकच कुबड उरले. मधल्या एखाद्या वर्षाचा वक्र कुणी एकटाच पाहिला असता तर त्याने बिनदिक्कत एक काळा डाग बसवला असता, आणि तो जुळलाही असता. पण इथली असमानता वर्षानुवर्षे एकाच बाजूला वाढत गेली, कधीही उलटली नाही. आवरणात ओतल्या जाणाऱ्या ऊर्जेने कक्षेत पुढे जाणारी बाजू तापत होती, असा टिलेन्डांचा अर्थ. पन्नास-शंभर दिवसांनी बाजू बदलणारी असमानता आणि सहा वर्षे एकाच दिशेने वाढणारी असमानता, दोघींचा एका रात्रीचा वक्र सारखाच दिसतो.